रंगूनची चव, मद्रासच्या गाड्यावर

चेन्नईच्या बर्मा बाजारासमोरच्या गल्लीत संध्याकाळी अथोच्या गाड्या लागतात. विक्रेता नारिंगी नूडल्स, बारीक चिरलेला कोबी, तळलेला कांदा, चिंचेचा कोळ, लसणाचं तेल आणि लाल मिरचीची भरड भांड्यात घेतो आणि सरळ हातानं कालवतो. वर कडक तळलेल्या बेजोचा चुरा पडतो. सोबत वाटीभर गरम सूप, हवं तर चिरा देऊन त्यात कांदा-लसूण भरलेलं उकडलेलं अंडं. ना सांबार, ना चटणी. तमिळ माणसाच्या या खाण्याचं मूळ गाव रंगून.

मराठी वाचकाला ब्रह्मदेश आठवतो तो मंडालेच्या तुरुंगातल्या टिळकांमुळे, नाहीतर रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. तमिळनाडूचं नातं मात्र पोटापाण्याचं होतं. चेट्टियार सावकार, गोदीतले हमाल, भातगिरण्यांतले मजूर असे सगळेच तिकडे गेले. 1931च्या जनगणनेत रंगूनच्या सुमारे 4 लाख वस्तीत निम्म्याहून जास्त भारतीय होते.

पहिला मोठा लोंढा परतला तो 1942 साली, जपानी फौजांच्या भीतीनं. हजारो माणसं जंगलवाटांवर मेली. तरीही बरेच जण मागे राहिले आणि युद्धानंतर काही परतही गेले. मग 1962 मध्ये जनरल ने विननं सत्ता बळकावली. 1964 साली दुकानांचं राष्ट्रीयीकरण झालं, पाठोपाठ 50 आणि 100 च्यातच्या नोटा रद्द झाल्या. आयुष्यभराची कमाई गेली आणि माणसं जहाजांनी मद्रासला उतरली.

सरकारदरबारी ही मायदेशी परतलेली माणसं. पण यांतल्या अनेकांचा जन्मच तिकडचा होता. आईच्या हातचं जेवण तमिळ असलं, तरी रस्त्यावरची चटक ब्रह्मी होती, आणि मद्रासमध्ये ती मिळत नव्हती. 1969च्या सुमारास बंदरालगतच्या रस्त्यावर त्यांच्यासाठी बर्मा बाजार उभा राहिला. परदेशी घड्याळं, अत्तरं, रेडिओ यांच्या दुकानांमुळे तो प्रसिद्ध झाला. जवळच अथो आली. आठवण भागवायला आणि, खरं तर त्याहून जास्त, चूल पेटती ठेवायला.

तिकडच्या मोहिंगा या नूडल्सच्या सुपात मासा हवाच. चेन्नईच्या सुपातून तो बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला, केळीचा गाभा तेवढा टिकला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यानं नाक मुरडावं, पण गिऱ्हाईक शेजारच्या कचेरीतलं होतं आणि त्याला ही आंबट-तिखट चव आवडली.

ब्रह्मदेशातून परतलेल्या मेमन आणि सुरती कुटुंबांनी दुसरा पदार्थ आणला: नारळाच्या दुधातल्या नूडल्सचा खाऊस्वे. सुरतेत तो खावसा झाला. कराचीच्या मेमन घरांत त्यावर बटाट्याचे वेफर्स चुरतात. मुंबईच्या हॉटेलांत तोच आता दहा वाट्यांच्या थाटात येतो, अथोच्या कितीतरी पट भावानं.

काही तमिळ कुटुंबांना तर मद्रास मानवलंच नाही. ती जमिनीच्या वाटेनं पुन्हा ब्रह्मदेशाकडे निघाली. सीमेवर त्यांना अडवलं गेलं, तेव्हा ती मणिपूरच्या मोरेह गावातच राहिली. तिथं त्यांनी देऊळ बांधलं आणि व्यापार मांडला. पलीकडचं ब्रह्मी गाव तामू तिथून पायी जाण्याइतकं जवळ आहे.