अमेरिकी सरकारची आयटी फेलोशिप : पैसे कोणाला, अट काय, आपल्या मुलांना मिळते का?

शिक्षणाचा खर्च सरकार करणार, सुट्टीत परदेशातल्या दूतावासात प्रशिक्षण देणार आणि डिग्री हातात पडली की सरकारी नोकरी. अमेरिकेत अशा योजना खरोखर आहेत. मात्र त्या भारतीय नागरिकांसाठी नाहीत. त्यामुळे 'अमेरिकेच्या सरकारी फेलोशिपमध्ये नंबर लावून देतो' असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर आधी ही माहिती वाचा.

फेलोशिप नेमकी काय?

'फॉरेन अफेअर्स आयटी फेलोशिप' ही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या पैशातून चालवलेली योजना. संगणक, माहिती तंत्रज्ञान, सायबर सुरक्षा असे विषय शिकणाऱ्यांसाठी ती आहे. पदवीची शेवटची दोन वर्षं किंवा दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा तिचा काळ. सुरुवातीच्या वर्षांत दोन वर्षांचे मिळून 75 हजार डॉलरपर्यंत पैसे मिळत. त्यात कॉलेजची फी, राहणं-जेवण आणि पुस्तकं येतात. शिवाय दोन इंटर्नशिप असतात. एक वॉशिंग्टनमधल्या खात्यात आणि दुसरी परदेशातल्या अमेरिकी दूतावासात.

नोकरी कसली?

प्रत्येक दूतावासात संगणक, नेटवर्क, फोन, वायरलेस आणि गोपनीय संदेश सांभाळणारी माणसं लागतात. सरकारी टपालाच्या सीलबंद थैल्याही हेच लोक बघतात. आता या पदाला 'डिप्लोमॅटिक टेक्नॉलॉजी ऑफिसर' म्हणतात. आपल्याकडे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेचं वाणिज्य दूतावास आहे. तिथलं तांत्रिक कामही याच प्रकारचं.

दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, तीही जगात कुठेही. आज युरोप, तर उद्या आफ्रिकेतला एखादा अशांत देश. नेमणूक स्वीकारताना कुठेही जायची तयारी दाखवावी लागते.

फुकट काहीच नाही

फेलोशिप घेतली की किमान पाच वर्षं नोकरी करणं बंधनकारक. त्याआधी वैद्यकीय तपासणी आणि कडक सुरक्षा चौकशी पार करावी लागते. म्हणजे हे बक्षीस नाही, बॉन्ड आहे.

बॉन्ड कसा अंगावर येतो, हे दुसऱ्या एका योजनेत दिसलं. 'सायबरकॉर्प्स' नावाची शिष्यवृत्ती अमेरिकेची राष्ट्रीय विज्ञान संस्था देते. ती जास्तीत जास्त तीन वर्षं मिळते. जितकी वर्षं पैसे घेतले, तितकी वर्षं सरकारी सायबर सुरक्षेचं काम करायचं. नाही केलं, तर शिष्यवृत्तीचं कर्ज होतं आणि ते फेडावं लागतं. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकी सरकारने केंद्रीय नोकरभरती गोठवली. त्यानंतर पास झालेल्या अनेक मुलांना सरकारी जागा मिळणं अवघड झालं. नोकरी करायची तयारी असूनही कर्जाची टांगती तलवार डोक्यावर आली. सरकारचा बॉन्ड असला तरी तो नीट वाचूनच सही करायची, हा त्यातला धडा.

आपल्या मुलांना चालते का?

नाही. परराष्ट्र खात्याच्या फेलोशिपला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. सायबरकॉर्प्सला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. अमेरिकेत जन्मलेली, तिथलं नागरिकत्व असलेली मराठी कुटुंबांतली मुलं अर्ज करू शकतात. विद्यार्थी व्हिसावर गेलेला मुलगा करू शकत नाही, मग मार्क कितीही असोत.

एक वाट मात्र खुली आहे. भारतातल्या अमेरिकी दूतावासात आणि वाणिज्य दूतावासात स्थानिक कर्मचारी म्हणून भारतीयांची भरती होते. त्यात संगणक विभागाच्या जागाही असतात. जाहिरात दूतावासाच्या वेबसाइटवर येते आणि अर्जाला फी नसते.

मग आपल्यासाठी काय?

परदेशात शिकायला आपल्या सरकारच्या योजना आहेत.

• केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप : 125 जागा. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी. परदेशात मास्टर्स किंवा पीएचडी करता येते. आधीच्या पदवीला किमान 60 टक्के, वय 35 च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत.

• राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या मुलांसाठी, समाजकल्याण विभागामार्फत.

या योजना शिक्षणाचा खर्च देतात, नोकरीची हमी देत नाहीत. शेतमजुराच्या घरातली बरीच मुलं पहिल्या योजनेत बसतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी तहसीलला खेपा होतात.

पैसे देण्याआधी हे विचारा

1. योजना कोणत्या सरकारची आणि तिची अधिकृत वेबसाइट कोणती?
2. नागरिकत्वाची अट काय?
3. किती वर्षांचा बॉन्ड, आणि मोडला तर किती पैसे भरायचे?
4. वर दिलेल्या सरकारी योजनांत एजंट लागत नाही. मग हे पैसे कशाचे?

पैसे गेलेच असतील तर लाजू नका. सायबर फसवणुकीसाठी 1930 या नंबरवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.