आधी नमुना, मग भिंत : बीदरच्या मदरशावरील टाईलकाम

पंधराव्या शतकाच्या मध्यावर चाकण हे बहमनी राज्याचे लष्करी ठाणे होते. तेथे आलेल्या सरदाराचा किताब होता ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. पुढे हाच किताब महमूद गवान यास मिळाला. इराणच्या गिलान प्रांतातील हा व्यापारी १४५३ च्या सुमारास बीदरला आला आणि बुद्धीच्या बळावर वजीर झाला. व्यापारी समाजाने त्याचे चरित्र अवश्य वाचावे. त्याने १४७२ मध्ये बीदरला उभारलेल्या मदरशाचा दर्शनी भाग हस्तनिर्मित रंगीत टाईलने मढविलेला होता.

असले काम थेट भिंतीवर होत नसे. इराणी कारागिरांच्या परंपरेत प्रथम कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढीत. वेलबुट्टी व अक्षरे उतरविण्यासाठी रेघांवर सुईने भोके पाडून त्यावरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी फिरवीत. हाच खाका. साडीवर भरतकामाचा छाप घेताना पाहिलेल्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. मग एकेका रंगाच्या भाजलेल्या टाईलमधून तुकडे छाटून, घासून, ते आराखड्यावर झिलई खाली करून मांडीत व मागून गिलाव्याचा लगदा ओतीत. नक्षी दिसे ती फळी उचलल्यावरच! तेव्हा चूक हेरावयाची ती आराखड्यावरच.

रंगाचाही नमुना आधी भाजून पाहावा लागे. कोबाल्टची भुकटी भट्टीत जाताना काळी असते; निळाई येते ती भाजल्यावर. तांबे झिलईच्या जातीप्रमाणे कधी हिरवे, कधी फिरोजी होते. शिवाय माती वाळताना व भाजताना आकसते, कधी दहा टक्क्यांपर्यंतही. म्हणून कच्ची टाईल मोठी कापावी लागते. बीदरच्या मनोऱ्यावर मोठे नागमोडी पट्टे आहेत, ते योग्यच. बारीक नक्षी तितक्या उंचीवर खालून दिसली नसती.

जैन दानशूर शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबईत १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर टाईलचा नव्हे, दगडाचा. परंतु त्यावरील मूर्तींचेही नमुने आधी रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडविले व नंतर त्या पोरबंदरी दगडात कोरल्या गेल्या.

आज पिंपरी-चिंचवड परिसरात मंदिर, स्थानक वा धर्मशाळेची दर्शनी भिंत बहुधा संगणकावरील चित्रावरून ठरते. त्या चित्रात दुपारचे ऊन नसते, टाईलमधील सांधे नसतात, आणि कापडाप्रमाणेच एका लॉटचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही, हेही दिसत नाही. पैसा मात्र समाजाचा असतो, आणि चिकटविलेली टाईल उखडली की सहसा फुटतेच. त्याच भिंतीवर, त्याच मसाल्यात तीन फूट चौरस नमुना लावून तो सकाळी, भर दुपारी व रस्त्यापलीकडून पाहावा. त्याचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ आहे. विश्वस्तांच्या सभेत तासन् तास चर्चा करण्यापेक्षा हे बरे.

गवानास १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे देहदंड झाला. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने मदरशाचा बराच भाग उडाला. उरलेल्या मनोऱ्यावर ते नागमोडी पट्टे आजही दिसतात.