दूर कोणापासून?

दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कुन्हा या बेटावर एकच गाव आहे. सर्वांत जवळची कायम वस्ती, सेंट हेलेना, सुमारे २,४०० किलोमीटर दूर, विमानतळ नाही. १८१७ मध्ये ब्रिटिश लष्करी तुकडी परतली, तेव्हा विल्यम ग्लास मोजक्या साथीदारांसह मागे राहिला. कोणी कोणाहून श्रेष्ठ नाही, असा करार त्यांनी केला. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सारे गाव इंग्लंडला हलवावे लागले. तिथे सुखसोयी असूनही १९६२ च्या मतदानात १४८ जणांनी परतीचा कौल दिला. विरोधात अवघे पाच. १९६३ मध्ये बहुतेक जण आपल्या बटाट्याच्या शेतांकडे परतले. वर्गात शिकवताना ‘बेट’ म्हणजे एकाकीपणा, असे समीकरण आम्ही सहज मांडतो. या १४८ मतांपुढे ते टिकत नाही.