परतलेला मिरासदार

इ. स. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानें दख्खनमधील गांवेंच्या गांवें ओस पडलीं. मिरासदार परागंदा झाला, तरी त्याचा जमिनीवरील हक्क लगेच बुडत नसे; त्याचें थळ मूळ घराण्याच्याच नांवानें ओळखलें जाई. पुढें त्याचा मुलगा किंवा नातू गांवीं परतला, म्हणजे कधीं भाऊबंदच आडवे येत. मधल्या काळांत त्यांनींच शेत कसलेलें, साराहि त्यांनींच भरलेला. त्यांची बाजू पोकळ नसे. तंटा गोतसभेपुढें जाई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार साक्षी घेत, क्वचित् दिव्यहि होई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. कधीं वांटणीवर समेट होई. बांधानें घरें दोन होत; थळाचें नांव मात्र एकाच पूर्वजाचें राही.