सिस्टिक फायब्रोसिस: फवाऱ्यातले अँटिबायोटिक आणि हाती असलेली वेळ

सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाच्या फुप्फुसात लहान वयापासून वेगवेगळे जंतू येत-जात राहतात. त्यांतला एक मात्र आला की मुक्कामच ठोकतो. त्याचे नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. ओल्या मातीत, बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी तो सर्रास सापडतो आणि निरोगी माणसाच्या फुप्फुसाला सहसा काही करत नाही. या मुलांमध्ये तोच जंतू पुढची कित्येक वर्षे श्वासनलिका पोखरत राहतो. श्वासावाटे थेट फुप्फुसात दिलेल्या अँटिबायोटिकने त्याला पार घालवता येते, पण तो नुकताच आलेला असतानाच. एकदा त्याने बस्तान बसवले की तेच औषध त्याला फक्त दाबून ठेवते. या उपचाराविषयी गेल्या चाळीस वर्षांत जे कळले, त्यात औषधाच्या नावापेक्षा आणि मात्रेपेक्षा वेळेला महत्त्व आहे, असे माझे मत आहे. ते कशावरून, हे सविस्तर पाहू.

मुळातला बिघाड सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. हे जनुक 1989 मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिओर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी शोधून काढले. त्यापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर क्लोराइड आणि बायकार्बोनेटची वाट उघडते. ही वाट बंद पडली की श्वासनलिकेच्या आतले पातळ पाणी आटते, कफ चिकट होतो आणि तो वर ढकलणारे सूक्ष्म केस त्यातच रुतून बसतात. साचलेल्या कफात प्राणवायू जेमतेम पोहोचतो. सुरुवातीचा स्यूडोमोनास सुटा, चपळ आणि औषधाला बळी पडणारा असतो. या कोंडलेल्या जागेत तो हळूहळू रूप पालटतो, स्वतःभोवती अल्जिनेट नावाचा बुळबुळीत थर तयार करतो आणि वसाहत करून राहू लागतो. पाण्याच्या टाकीला धरलेल्या शेवाळावर नुसते पाणी मारून ते निघत नाही, तसेच या वसाहतीचे आहे. प्रयोगशाळेत औषधाला दाद देणारा जंतू फुप्फुसात दाद देईनासा होतो, त्याचे मोठे कारण हेच.

मग औषध फवाऱ्यानेच का द्यायचे? टोब्रामायसिनसारखे औषध पोटातून जवळजवळ शोषलेच जात नाही. शिरेतून दिले तर रक्तातून कफापर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो, आणि मात्रा वाढवावी तर मूत्रपिंडाला आणि कानाला धोका. त्यातून कफातली प्रथिने व मेलेल्या पेशींचा डीएनए या औषधाला धरून ठेवतात, म्हणून कफात ते प्रयोगशाळेतल्या गरजेच्या कितीतरी पट असावे लागते. श्वासावाटे 300 मिलिग्रॅम टोब्रामायसिन दिल्यावर दहा मिनिटांनी कफातले प्रमाण सरासरी दर ग्रॅमला 1,200 मायक्रोग्रॅमच्या वर मोजले गेले आहे. तासाभराने रक्तात दर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमही नव्हते. या दोन आकड्यांतली दरी हेच या मार्गाचे समर्थन. प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘रेझिस्टंट’ असा शिक्का असला तरी फवाऱ्याचे औषध उपयोगी पडू शकते, तेही याचमुळे. तो शिक्का रक्तातल्या प्रमाणावरून ठरवलेला असतो.

मात्र सरासरी फसवी असते. त्याच मोजणीत एका टोकाला जेमतेम 35 मायक्रोग्रॅम होते, तर दुसऱ्या टोकाला 7,000 च्या वर. औषध तेच, यंत्र तेच, तरीही एवढा फरक पडतो, कारण फवाऱ्याचा थेंब कुठे जाऊन पडेल हे त्याच्या आकारावर आणि श्वासाच्या ढबीवर ठरते. पाच मायक्रॉनपेक्षा मोठे थेंब घशातच आदळतात आणि गिळले जातात. एकापेक्षा लहान असलेले बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. मधल्या आकाराचे थेंब आत शिरतात, पण तेही रुंद आणि मोकळ्या नळीत जास्त जातात. कफाने बुजलेल्या भागाला औषधाची सर्वांत जास्त गरज, आणि तिथेच ते सर्वांत कमी पोहोचते. म्हणूनच क्रम पाळावा लागतो. आधी श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल, मग कफ सैल करणारे तीव्र मिठाचे सलाईन, त्यानंतर फिजिओथेरपीने कफ बाहेर काढणे आणि अँटिबायोटिक शेवटी. घाईच्या सकाळी हा क्रम उलटला की औषधाचा मोठा वाटा कफाच्या गोळ्यावर पडून खोकल्याबरोबर बाहेर येतो.

लहान मुलांत आणखी एक अडचण असते. शीतकपाटातल्या चंदेरी पाकिटातून पाच मिलिलिटरची फिकट पिवळसर कुपी काढायची, मान मोडून औषध नेब्युलायझरच्या कपात ओतायचे, कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि पंधरा-वीस मिनिटे, कपातून फुरफुर आवाज येऊन धुके विरळ होईपर्यंत, मूल मांडीवर धरून बसायचे. तान्हे मूल नाकाने श्वास घेते, त्यामुळे काही थेंब नाकातच अडकतात. मास्क आणि गाल यांच्यात बोटभर फट राहिली की फवारा खोलीत जातो. मूल रडू लागले तर चेहऱ्यापुढे धुके दिसत राहते, पण फुप्फुसात जाणारे औषध अगदी थोडे उरते. रडताना श्वास जोराने आणि तुटक आत ओढला जातो, सगळे घशावर आदळते आणि मग गिळले जाते. मूल रडत असताना मास्क दाबून धरण्यात आईचा जीव टांगणीला लागतो आणि औषधही वाया जाते. त्यापेक्षा ते शांत होण्याची वाट पाहावी, गोष्ट सांगावी, आवडीचे चित्र लावावे. जमेल त्या वयापासून मास्क काढून तोंडात धरायची नळी द्यावी.

सहा वर्षांच्या मुलाला आणि थोराला टोब्रामायसिनच्या फवाऱ्याची मात्रा सारखीच, हे वाचून पुष्कळ पालक दचकतात. इंजेक्शन वजनावर मोजतात आणि हे का नाही, ही शंका रास्तच आहे. उत्तर असे, की लहान मूल दर श्वासाला थोडीच हवा घेते आणि यंत्राचे बरेचसे धुके त्याच्या वाट्याला येतच नाही. त्यामुळे शरीरात जाणारी मात्रा बऱ्याच अंशी आपोआप बेताची राहते.

आता पुरावा. 1981 मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये मार्गारेट हॉडसन आणि सहकाऱ्यांनी जुना संसर्ग असलेल्या प्रौढांना कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन फवाऱ्याने दिले, आणि त्यांची श्वासक्षमता सुधारली. जंतू मात्र गेला नाही. वेगळा प्रश्न विचारला तो इंग्लंडमधल्या लीड्सच्या जेम्स लिटलवुड यांनी. जुन्या संसर्गावर मारा करण्यापेक्षा नव्यालाच गाठले तर? 1985 मध्ये त्यांनी मोजक्या मुलांवरचा अनुभव प्रसिद्ध केला: स्यूडोमोनास पहिल्यांदा दिसताच कोलिस्टिनचा फवारा सुरू केल्यावर तो पुन्हा सापडण्याचे प्रमाण घटले. मग कोपनहेगनच्या गटाने, ज्यात नील्स हॉयबी होते, 26 रुग्णांचे दोन भाग करून हे तपासले. एका भागाला जंतू दिसला की श्वासावाटे कोलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन, दुसऱ्याला काही नाही. 27 महिन्यांत उपचार न मिळालेल्यांपैकी 58 टक्क्यांत संसर्ग कायमचा झाला, उपचार मिळालेल्यांत 14 टक्क्यांत. हा निबंध 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रुग्ण थोडे होते, तरी माझ्या लेखी या रोगाच्या उपचाराची दिशा बदलणारा प्रयोग हाच. या जोडीमागचे जंतुशास्त्र पुढे त्याच देशात उलगडले. सिप्रोफ्लॉक्सासिन वसाहतीच्या वरच्या थरातल्या, जोमाने वाढणाऱ्या जंतूंना मारते, तर कोलिस्टिन आतल्या सुस्त जंतूंना.

अमेरिकेत सिएटलच्या बॉनी रॅम्झी यांच्या नेतृत्वाखाली दुसरी वाट चोखाळली गेली. जुना संसर्ग असलेल्या 520 रुग्णांना 300 मिलिग्रॅम टोब्रामायसिन दिवसातून दोनदा, 28 दिवस चालू आणि 28 दिवस बंद अशा आवर्तनांनी दिले गेले. विसाव्या आठवड्यात एका सेकंदात बाहेर सोडलेली हवा सरासरी 10 टक्के वाढली होती, नुसता औषधाविना फवारा घेतलेल्यांत ती 2 टक्के घटली होती. रुग्णालयात दाखल होण्याचा संभवही 26 टक्के कमी. डिसेंबर 1997 मध्ये त्या औषधाला तिथे मान्यता मिळाली. लाभ खरा आणि मोठा होता, पण कफात जंतू कमी झाले तरी उरलेच.

या दोन वाटा एकत्र आणल्या त्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या 2003 मधल्या एका छोट्या अभ्यासाने. त्यात 21 मुले होती. फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रवाची तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी केली, तेव्हा टोब्रामायसिन मिळालेल्या आठही मुलांत स्यूडोमोनास नव्हता. औषधाविना फवारा मिळालेल्या तेरांपैकी फक्त एकात तो गेला होता. फरक इतका ढळढळीत होता की अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्याच औषधाने, त्याच मात्रेत, थोरांच्या जुन्या संसर्गात जंतू फक्त कमी होतो आणि लहानांच्या नव्या संसर्गात नाहीसा होतो. वेळेचे महत्त्व याहून स्पष्टपणे मांडता येणार नाही.

यापुढचा प्रश्न साहजिक होता: जास्त दिवस दिले, आणखी औषधे जोडली, तर आणखी चांगले होईल का? 88 रुग्णांवरच्या युरोपीय अभ्यासात 28 दिवस आणि 56 दिवस अशी तुलना झाली. दोन्ही गटांत महिनाभरानंतर नव्वद टक्क्यांहून अधिक जण जंतुमुक्त होते, आणि जंतू परतायला लागलेला काळही जवळजवळ सारखाच, दोन वर्षांहून थोडा अधिक. अमेरिकेत एक ते बारा वर्षांच्या 304 मुलांवर दर तिमाहीला ठरलेले औषध आणि फक्त कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पॉझिटिव्ह आल्यावर औषध, यांची तुलना झाली. फरक पडला नाही, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन जोडूनही नाही. ब्रिटनमधल्या 2020 च्या अभ्यासात सर्वांना कोलिस्टिनचा फवारा होता. काहींना त्याच्या जोडीला शिरेतून औषधे, म्हणजे रुग्णालयातले दोन आठवडे, आणि बाकीच्यांना तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन. शिरेतली औषधे सरस ठरली नाहीत. लहान मुलाच्या हातात पुन्हा पुन्हा सुई खुपसणे टळते, हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

म्हणजे सगळा भार येतो तो जंतू वेळेत दिसण्यावर, आणि लहान मूल कफ थुंकत नाही, गिळते. त्यामुळे घशात खोलवर काडी फिरवून किंवा खोकताना काडी पुढे धरून नमुना घेतात. ती जंतूला चुकवू शकते, आणि घशातलाच जंतू फुप्फुसातला म्हणूनही दाखवू शकते. दुर्बिणीने फुप्फुस धुऊन तपासण्याचा पर्याय ऑस्ट्रेलियात तान्ह्या मुलांवर काळजीपूर्वक पाहिला गेला. पाच वर्षांच्या वयात त्याचा वरचढ लाभ दिसला नाही. तेव्हा साधी काडीच, पण दर तीन महिन्यांनी, मूल ठणठणीत दिसत असतानाही. खोकला वाढल्यावरच कल्चर करायचे असा शिरस्ता पडला तर हातातली वेळ तिथेच जाते.

औषध श्वासावाटे दिले म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. श्वासनलिका आकसू शकते, म्हणून पहिला डोस दवाखान्यात, फवाऱ्याच्या आधी आणि नंतर छाती तपासून द्यावा. आवाज बसतो, कधी कानात गुंजारव येतो. गुंजारव आला तर थांबून श्रवणतपासणी करायची. कोलिस्टिनच्या भुकटीत पाणी आयत्या वेळी घालावे. आदल्या रात्री मिसळून ठेवले तर ती पाण्यात विघटित होऊन फुप्फुसाला इजा करणारे रूप घेते. अमेरिकेत 2007 मध्ये अशा तयार द्रावणानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्यावर तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. शिवाय नेब्युलायझरचा कप नळाखाली खळबळून ओलाच ठेवला, तर ज्याला घालवायचे तोच जंतू त्यात वाढतो. साबणाने धुऊन, पाच मिनिटे उकळून, हवेवर पूर्ण सुकवणे हा उपचाराचाच भाग आहे. जुना संसर्ग असलेल्या सहा वर्षांवरील मुलांसाठी कोरड्या भुकटीचे टोब्रामायसिनही आहे. चार कॅप्सूल, सुमारे पाच मिनिटे, कॉम्प्रेसर नको. शाळेच्या सकाळी वाचलेला वेळ खेळायला मिळतो. खोकला मात्र जास्त येतो.

मूळ प्रथिनच दुरुस्त करणाऱ्या गोळ्या 2012 पासून येऊ लागल्या, आणि 2019 पासून त्यांच्या तिहेरी मिश्रणाने अनेकांचे आयुष्य पालटले. त्यांनी कफ पातळ होतो, जंतूही घटतात, पण आधीपासून ठाण मांडलेला स्यूडोमोनास पुष्कळांत उरतो.

भारतात वेळ हातून जाते ती बहुधा निदानाआधीच. हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे नाही, असे वर्षानुवर्षे मानले गेले. नवजात बाळांच्या तपासणीची देशव्यापी व्यवस्था नाही. सतत खोकणाऱ्या, वजन न धरणाऱ्या मुलाला आधी दमा, मग क्षय अशी नावे लागतात, आणि घामाची तपासणी होईपर्यंत कफात स्यूडोमोनास जुना झालेला असतो. तोवर घालवण्याचा उपचार मागे पडतो आणि दाबून ठेवण्याचा, महागडा आणि आयुष्यभराचा, सुरू होतो. पैशाअभावी इंजेक्शनची कुपीच फवाऱ्यात वापरली जाते. तिच्यातल्या फिनॉलसारख्या टिकाऊपणाच्या रसायनांनी श्वासनलिका आकसू शकते, म्हणून ती निवड डॉक्टरांशी बोलूनच करावी. बाळाचा पापा घेतला की खारट लागणे, उन्हाळ्यात मूल अचानक निस्त्राण होऊन रक्तातले सोडियम घसरणे, तेलकट आणि दुर्गंधी शी, ही चिन्हे इथल्या बालरोगतज्ज्ञांनी दम्याचे औषध वाढवण्याआधी आठवली पाहिजेत. घामातले क्लोराइड लिटरला 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरले की निदान जवळपास ठरते. निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या भावंडांना हाच रोग असण्याची शक्यता चारांत एक असते. थोरल्याच्या फुप्फुसात जंतू जुना झाला असला, तरी पाळण्यातल्या धाकट्याच्या घशातून काडी फिरवून पहिले कल्चर याच आठवड्यात पाठवता येते.