भिडेवाड्यात कोण कोण राहिले

भगिनींनो, जुन्या घरांची हकिकत म्हटली की राजवाडे आणि सरदारांचे वाडे डोळ्यांपुढे येतात. मी मात्र एका साध्या वाड्याविषयी चार शब्द लिहिणार आहे. आपल्या कर्जतहून गाडी घाट चढली की पुणे काही लांब नाही. तेथे बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर, भिडेवाडा होता.

वाडा तात्यासाहेब भिडे यांचा. त्यांचे स्नेही जोतीराव फुले यांना मुलींची शाळा काढावयाची होती. बाई शिकली तर घर बुडते, अशी त्या काळची समजूत. मग जागा कोण देणार? तात्यासाहेबांनी आपल्या वाड्यात दिली, आणि १८४८ साली शाळा सुरू झाली. पुढे शिकविण्याचे काम जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी हाती घेतले. त्यांचा जन्म १८३१ चा, म्हणजे वय अगदी कोवळे. त्यांना अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली होती. वाटेत लोक शेण-चिखल फेकीत, म्हणून त्या जास्तीचे लुगडे जवळ बाळगीत, असे सांगतात. १८४९ साली या कामापायी दोघांना सासऱ्यांचे घर सोडावे लागले.

शाळा या वाड्यात फार दिवस राहिली नाही. १८५१ च्या जुलैत चिपळूणकरांच्या वाड्यात नवी शाळा निघाली, आणि १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

इकडे भिडेवाड्यात पुढे दुकाने आली, भाडेकरू आले. वाडा मोडकळीस आला. महानगरपालिकेने तेथे स्मारक करण्याचे ठरविले तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. भाडेकरूंनाही पोटापाण्याची काळजी होतीच. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जागा सोडण्यास एक महिन्याची मुदत दिली, आणि डिसेंबरात तो जीर्ण वाडा स्मारकासाठी पाडण्यात आला.

घराच्या कागदांवर मालकाचे नाव असते, भाडेपावतीवर भाडेकरूचे. ज्या मुली पाटी घेऊन तेथे बसल्या, त्यांचे नाव अशा कोणत्याच कागदावर येत नाही. सर्वांत थोडे दिवस राहिल्या त्याच. आणि वाडा ओळखला जातो तो त्यांच्यामुळेच! मी सातवीपर्यंत शिकलेली. एवढे शिक्षण माझ्या वाट्यास आले, त्याची पहिली पायरी अशाच जागांत घातली गेली, असे मला वाटते.

आपल्या भिसेगावातही जुनी घरे आहेत. ती कोणी बांधली हे वडीलधारी मंडळी सांगतात. पण त्यांच्या ओटीवर कोण अक्षरे गिरवावयास शिकली, माजघरात कोणी कोणाला शिवण शिकविले, हे सांगणाऱ्या आजीबाई आता थोड्याच उरल्या आहेत. घर पडले तर पुन्हा बांधता येईल. आठवण गेली तर ती कोठून आणणार? म्हणून प्रत्येकीने आपल्या घरची एवढी हकिकत वहीत लिहून ठेवावी, अशी माझी नम्र विनंती आहे.