'कंपनी' : एका इंग्रजी शब्दाचे अर्थांतर आणि सत्तेचा इतिहास

इंग्रजी भाषेतील काही शब्द भारतीय इतिहासात भाषेपुरते मर्यादित राहिले नाहीत. ते तहनाम्यांत, नाण्यांवर, न्यायालयांत आणि लोकांच्या तोंडी वावरले. 'कंपनी' हा अशा शब्दांपैकी अग्रगण्य होय. सोबत, मित्रमंडळ, व्यापारी संघ, सैन्याची तुकडी, जहाजावरील खलाशांचा ताफा, नाटकवाल्यांचा फड आणि कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती असे या एका शब्दाचे अर्थ इंग्रजीत एकाच वेळी नांदतात. अभ्यासक्रमातील इतिहासात मात्र 'कंपनीने राज्य जिंकले', 'कंपनीने संस्थान खालसा केले' अशी वाक्ये इतक्या सहजतेने येतात की, या वाक्यांतील कर्ता नेमका कोण, हा प्रश्न विद्यार्थ्यालाच नव्हे तर अध्यापकालाही क्वचितच पडतो. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थांतराचा मागोवा घेऊन त्या कर्त्याचा शोध घेतला आहे.

सहभोजनाचा शब्द

'कंपनी' या शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिन भाषेत आहे. 'कॉम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी. एकाच भाकरीतला घास खाणारा तो 'कंपॅनियन' आणि अशांचा समूह ती 'कंपनी'. जुन्या फ्रेंचमार्फत हा शब्द तेराव्या शतकापर्यंत इंग्रजीत रुळला. याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेतील पावाचा शब्द निघाला आणि पोर्तुगिजांकडून तो कोकणी व मराठीत 'पाव' म्हणून आला. म्हणजे मराठी माणसाच्या न्याहारीतील पाव आणि त्याच्यावर राज्य करून गेलेली कंपनी ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने एकाच घरची भावंडे ठरतात.

मध्ययुगीन युरोपात या शब्दाने अनेक वाटा धरल्या. फ्लॉरेन्सच्या बार्डी व पेरुझ्झी या घराण्यांच्या व्यापारी पेढ्या 'कंपान्या' म्हणवून घेत. इंग्लंडच्या राजाला दिलेली कर्जे बुडाल्याने १३४०च्या दशकात त्यांचे दिवाळे निघाले. त्याच शतकात पगारावर लढणाऱ्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्याही 'कंपनी'च होत्या. जॉन हॉकवुडची 'व्हाइट कंपनी' इटलीत दहशतीचा विषय होती. लंडनमधील व्यावसायिकांच्या श्रेणी हीसुद्धा कंपनीच. कापड-व्यापाऱ्यांच्या मर्सर्स कंपनीला १३९४ मध्ये राजसनद मिळाली. व्यापार, शस्त्र आणि राजसनद ही तिन्ही अंगे या शब्दाला ईस्ट इंडिया कंपनी जन्मण्यापूर्वीच चिकटलेली होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. व्यापारी कंपनी पुढे लढू लागली याचे आश्चर्य वाटते ते शब्दाचा एकच अर्थ गृहीत धरल्यामुळे.

नावातील माणसे

३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने दिलेल्या सनदेत ज्या संस्थेला अधिकार मिळाले, तिचे नाव 'ईस्ट इंडिया कंपनी' नव्हते. 'पूर्वेकडील देशांशी व्यापार करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचे गव्हर्नर व कंपनी' असा त्या नावाचा आशय होता. येथे 'कंपनी' म्हणजे माणसे, व्यापाऱ्यांचा समुदाय. त्यातील दोनशेहून अधिक जणांची नावे सनदेतच नोंदलेली आहेत. प्रारंभीच्या सफरींसाठी भांडवलही वेगवेगळे जमविले जाई आणि जहाजे परतल्यावर नफ्याची वाटणी होई. १६५७ मध्ये क्रॉमवेलच्या सनदेनंतर भांडवल कायमस्वरूपी झाले. माणसे बदलली, मेली, भाग विकून मोकळी झाली तरी कंपनी उरणार, ही व्यवस्था तेव्हापासून पक्की झाली. निगम-संस्थेला आत्मा नसतो, असा निर्वाळा सर एडवर्ड कोक यांनी १६१२ च्या सटन्स हॉस्पिटल खटल्यात दिलेला होताच.

१६९८ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनी निघाली आणि १७०८-०९ मध्ये दोहोंचे एकत्रीकरण झाले, तेव्हाही अधिकृत नावात 'व्यापाऱ्यांची संयुक्त कंपनी' असेच शब्द होते. 'ईस्ट इंडिया कंपनी' हे लोकांच्या तोंडी रुळलेले सुटसुटीत नाव कायद्याने वापरण्याची मुभा मिळाली ती १८३३ च्या सनदी कायद्याने. आणि याच कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला. 'व्यापारी' हा शब्द नावातून गेला तो व्यापार गेल्याबरोबरच. भागधारकांना मात्र सालीना साडेदहा टक्के लाभांशाची हमी मिळाली व त्याचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. लंडनमधील या सहभोजनाची भाकरी यापुढे येथील रयतेच्या शेतसाऱ्यातून भाजली जाणार होती.

टोपीकर, कुंपणी आणि सरकार

मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६८ मध्ये सालीना १० पौंड खंडाने कंपनीच्या स्वाधीन केले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तो याच कंपनीचा वकील म्हणून. मराठी राज्यकर्त्यांना या परकीयांचे स्वरूप कितपत उमगले होते? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात याचे उत्तर सापडते. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात सावकारांना राज्याचे भूषण मानले आहे. परंतु टोपीकर हे इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकिनारी ठाणे देऊ नये, असा इशाराही दिला आहे. 'कंपनी' हा शब्द न उच्चारता त्या संस्थेची दुहेरी प्रकृती अमात्यांनी अचूक हेरली होती. एडमंड बर्क यांनी वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगात, १७८८ मध्ये, व्यापाऱ्याच्या वेषातील राज्य असे कंपनीचे वर्णन केले, त्याच्या सुमारे सात दशके आधीची ही जाण आहे. तिचा उपयोग पुढच्या राज्यकर्त्यांनी किती केला, हा निराळा आणि क्लेशदायक विषय आहे.

पुढे शब्दही आला. मराठीत त्याचे 'कुंपणी' असे रूप रूढ झाले आणि त्याला 'सरकार' हे पद जोडले गेले. फारसी वळणाच्या लेखनात 'कंपनी बहादूर' असा उल्लेख येतो. 'बहादूर' हा मोगली दरबारातील योद्ध्यांना मिळणारा किताब. एक व्यापारी समूहवाचक नाम, एक लष्करी किताब आणि एक राज्यवाचक पद यांचा असा मिलाफ इंग्रजीतही झाला नव्हता. 'कुंपणी' आणि 'कुंपण' यांचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. तथापि कुंपणानेच शेत खावे ही म्हण ज्या भाषेत आहे तीत हे रूप रुळावे, हा योगायोग मार्मिक आहे.

व्याकरणाचाही एक मुद्दा आहे. इंग्रजीत 'कंपनी' या समूहवाचक नामाला अनेकवचनी क्रियापद चालते, त्यामुळे त्यातील माणसांची आठवण शिल्लक राहते. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी एकवचनी झाला. कंपनी आली, कंपनी जिंकली, कंपनी गेली. समूहाची एक व्यक्ती झाली. १८३५ च्या रुपयावर हीच संदिग्धता धातूत उतरली आहे. एका बाजूस चौथ्या विल्यमचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव. सार्वभौम कोण, हे नाणे पालथे केल्याशिवाय कळू नये अशी ती रचना होती.

रंगो बापूजींची दाद

ही संदिग्धता केवळ शब्दच्छल नव्हती, हे साताऱ्याच्या प्रकरणात दिसून येते. प्रतापसिंह महाराजांशी १८१९ मध्ये कंपनीने तह केला. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आणि अन्य कटांचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठविण्यात आले. हा निर्णय अमलात आणणारे मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक हे दोनच वर्षांपूर्वी लंडनमध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यासाठी विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले.

दाद कोणाकडे मागायची? लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउसमध्ये २४ संचालक बसत. त्यांना निवडणारी भागधारकांची सभा निराळी होती. १७७३ च्या नियामक कायद्यानुसार तेथे मत देण्यासाठी किमान १००० पौंडांचे भाग लागत. सनदेच्या भाषेत पाहिले तर हे भागधारक म्हणजेच 'कंपनी'. साताऱ्याचा प्रश्न या सभेत पुनःपुन्हा चर्चिला गेला; जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्पसन यांनी महाराजांची बाजू जोरकसपणे मांडली. परंतु १७८४ च्या पिटच्या कायद्याने ब्रिटिश मंत्रिमंडळाचे नियंत्रण मंडळ कंपनीवर बसविले होते आणि त्या मंडळाची संमती मिळालेला संचालकांचा निर्णय फिरविण्याचा भागधारकांचा अधिकार काढून घेतला होता. म्हणजे रंगो बापूजी जिच्यासमोर उभे होते ती नावाने कंपनी होती, पण तिच्या हाती काही नव्हते. जिच्या हाती होते ते मंडळ कंपनी नव्हतेच. तहनाम्यावरील शब्द एक, आणि त्या शब्दामागे एकमेकांकडे बोट दाखविणारी चार दालने!

१८४८ मध्ये सातारा खालसा करण्याचा प्रश्न आला, तेव्हाही 'कंपनी' एकमुखी नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा खालसा करण्यास विरोध होता. त्यांच्यानंतर आलेले लॉर्ड फॉकलंड अनुकूल होते. गव्हर्नर जनरल डलहौसी आग्रही होते. संचालकांतही मतभेद झाले आणि बहुमताने मान्यता मिळाली. नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष हॉबहाउस यांचा कौल आधीच खालशाच्या बाजूने होता. 'कंपनीने सातारा खालसा केले' या चार शब्दांच्या वाक्यात हे सारे लुप्त होते. वाक्य चुकीचे नाही. परंतु ज्यांनी निर्णय घेतला आणि ज्यांनी तो रोखण्याचा प्रयत्न केला त्या दोघांनाही ते एकाच आडोशाला बसविते.

मंडळी आणि कंपनी

१८५८ मध्ये कारभार राणीकडे गेला. लाभांश वाटण्यापुरती उरलेली कंपनी १ जून १८७४ रोजी विसर्जित झाली. शब्द मात्र महाराष्ट्रात नवीन जोमाने पसरला. कावसजी दावर यांची बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली होती. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशावर मुंबईत भागभांडवली कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये ते कोसळले. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या भागांपायी अनेक घराणी धुळीस मिळाली. 'कंपनी बुडाली' हा वाक्प्रयोग ज्या पिढीने ऐकला, तिला आपल्यावर राज्य केलेली कंपनी आठवत होती.

रंगभूमीवर निराळेच घडले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये काढलेल्या संस्थेचे नाव 'किर्लोस्कर नाटक मंडळी'. १९१३ मध्ये निघाली ती 'गंधर्व नाटक मंडळी'. पाटीवर 'मंडळी' असले तरी बोलण्यात 'नाटक कंपनी' हाच प्रयोग रूढ झाला. 'मंडळी' हा 'कंपनी'चा अस्सल मराठी प्रतिशब्द होय. जमलेले लोक, ख्रिस्ती समाजातील उपासक-समुदाय आणि क्वचित लाडिकपणे पत्नी, इतके अर्थ तोही वाहतो. नाटक कंपनीचे बिऱ्हाड एक, मुदपाकखाना एक, पंगत एक. गंधर्व मंडळीच्या पंगतींचा थाट तर आख्यायिका होऊन राहिला. भागधारक आणि लाभांश यांच्या गर्दीत हरवलेला सहभोजनाचा मूळ अर्थ सांगली-पुण्याच्या बिऱ्हाडांत असा नकळत परत आला होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी स्थापन केलेल्या 'प्रभात फिल्म कंपनी'च्या नावात हीच परंपरा दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिक वसाहती वाढल्या तसा 'कंपनी'चा अर्थ स्थळवाचकही झाला. पिंपरी-चिंचवडचा कामगार 'कंपनीत जातो' तेव्हा तो कारखान्याच्या फाटकातून आत जातो. भागधारकांची सभा त्याच्या मनात नसते. गप्पांसाठी थांबणारा मित्र 'कंपनी देतो', हा प्रयोग तर इंग्लंडमधील इंग्रजीलाही फारसा परिचित नाही. कायद्याने मात्र शब्दाला दुसऱ्या टोकाला नेले. लंडनमधील १८९६ च्या सॅलोमन खटल्यात, सर्व व्यवहार एकाच माणसाच्या हाती असला तरी कंपनी त्याच्याहून वेगळी व्यक्ती आहे, असा निवाडा झाला होता; तरीही कागदोपत्री सात सभासद दाखवावे लागत. भारतातील २०१३ च्या कंपनी कायद्याने 'एक व्यक्ती कंपनी' हा प्रकार रीतसर मान्य केला. आता भाकरी वाटून घेण्यासाठी समोर दुसरे कोणी असण्याचीही गरज उरलेली नाही.